राजधानी हरवलेले राज्य : मलिक अंबरची खडकी आणि आमचे वाळूज

मलाक्कावरच्या मागील धाग्याखाली एका वाचकाने लिहिले होते : "ताई, राहता वाळूजला आणि लिहिता मलायाबद्दल. आपल्याकडे असे राज्य नव्हते का?" तो टोमणा होता की जिज्ञासा, हे मला अजून उमगलेले नाही. प्रश्न मात्र आठवडाभर डोक्यात घोळत राहिला. उत्तर आहे : होते. आणि त्या राज्याची शेवटची राजधानी माझ्या घरापासून दुचाकीवर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होती. हा धागा त्या राज्याचा आहे. थोडासा माझ्या एका चुकीचाही आहे. मोठा आहे, सवडीने वाचा.

ज्यांचा मागचा धागा वाचायचा राहिला त्यांच्यासाठी दोनच वाक्ये. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अल्फोन्सो द अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले. सुलतान महमूद शाह राजधानी सोडून निघून गेला, पण राज्य संपले नाही, त्याच्या मुलाने पुढे जोहोरला तेच घराणे नव्याने उभे केले. पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्याची आज एक कमान तेवढी शिल्लक आहे आणि जगभरचे प्रवासी तिच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात.

राजधानी पडते आणि राज्य चालू राहते. इतिहासात हे वाटते तितके विरळ नाही, पण आपल्या शालेय पुस्तकांना ते पेलत नाही. पुस्तकात राजधानी पडली की प्रकरण संपते. अहमदनगरच्या निजामशाहीचे असेच झाले आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने स्वतंत्र सत्ता स्थापली, चांदबिबीने १५९५-९६ मध्ये किल्ला लढवला, १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, धडा समाप्त. वास्तविक त्यानंतर हे राज्य आणखी ३६ वर्षे टिकले. आणि त्या ३६ वर्षांतील पहिली २६ वर्षे ज्या माणसाच्या खांद्यावर होती, तो जन्माने ना दखनी होता ना इराणी. तो आफ्रिकेच्या पूर्व भागातून, आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला जाऊन इथवर आलेला होता.

आता थोडे वाळूजविषयी, कारण त्याशिवाय पुढची चूक कळणार नाही.

आमच्या गावाला 'पाहण्यासारखे काय आहे' असे कुणी विचारत नाही. पुण्याहून वेरूळला निघालेल्या गाड्या आमच्या चौकात थांबतात त्या चहासाठी. वाळूज म्हणजे औद्योगिक वसाहत, पाळ्यांचे भोंगे, बजाजनगरच्या एकासारख्या एक घरांच्या रांगा, आणि आषाढी एकादशीला शेजारच्या छोट्या पंढरपुरात उसळणारी गर्दी. माझे वडील बीड जिल्ह्यातील एका कोरडवाहू खेड्यातून इथे फिटर म्हणून आले. आमच्या गल्लीत सगळेच कुठून ना कुठून आलेले : कुणी परभणीचे, कुणी जालन्याचे, कुणी थेट बिहारचे. शाळेत 'तुमचे गाव कोणते' असे विचारले की वर्गातील एकही मूल 'वाळूज' म्हणत नसे. सुट्टीत जिथे जायचे ते गाव. राहतो ते नुसते राहण्याचे ठिकाण.

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात मी दाखल झाले तेव्हा ही खंत माझ्यासोबत होती. वर्गमित्रांना सांगायला त्यांची गावे होती, गढ्या होत्या, पणजोबांच्या सनदा होत्या. माझ्याजवळ गच्ची होती. पावसाळा ओसरल्यावर हवा स्वच्छ झाली की आमच्या गच्चीवरून उत्तरेला देवगिरीचा सुळका दिसतो. त्या सुळक्याकडे पाहतच मला मलिक अंबर सापडला. आणि सापडल्याबरोबर मी त्याला आमच्या गल्लीत राहायला आणले, म्हणजे मनातल्या मनात. बाहेरून आलेला, कुणाचा कुणी नसलेला, स्वतःच्या कर्तबगारीवर उभा राहिलेला माणूस. असा नायक मिळाला की अभ्यासकाचे काय होते ते पुढे येईलच.

त्याचे आयुष्य असे. जन्म साधारण १५४८ चा. लहानपणी विकला गेला. तांबड्या समुद्राच्या परिसरातील बाजारांतून बगदादपर्यंत पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. तिथून तो दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याच्याकडे आला. लक्षात घ्या, हा चंगेज खान स्वतःही एके काळचा हबशी गुलामच होता. मालक वारल्यावर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. मग काही वर्षे विजापूरकरांकडे शिपाईगिरी, 'मलिक' ही उपाधी, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःची लहानशी फौज घेऊन निजामशाहीत पुनरागमन.

अहमदनगर पडले तेव्हा बाल सुलतानाला मोगलांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. अंबरने राजघराण्यातील दुसरा वारस शोधला, त्याला मुर्तजा निजामशाह म्हणून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. परांडा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा. तिथून दरबार जुन्नरला हलला आणि १६१० च्या सुमारास दौलताबादला आला. फिरती राजधानी, फिरता सुलतान, आणि त्याला फिरवणारा वजीर. दरम्यान अहमदनगरचा किल्लाही अंबरने मोगलांकडून परत मिळवला होता. मुर्तजा अखेरीस जड होऊ लागला तेव्हा त्याचा काटा काढून दुसरा सुलतान आणण्यातही अंबरने कसूर केली नाही. हे वाक्य मी सुरुवातीच्या टिपणांत लिहिले नव्हते. ते इथे लिहीत आहे.

दौलताबाद हा किल्ला आहे, शहर होण्याइतकी मोकळी जागा त्याच्या पायथ्याशी उरली नव्हती. म्हणून तिथून जवळच, खाम नदीच्या काठच्या खडकाळ माळावर असलेल्या खडकी नावाच्या खेड्यात अंबरने १६१० मध्ये नवे नगर वसवायला घेतले. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा फतेह खान याने त्याला फतेहनगर म्हटले, औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ पासून, ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पाट्या बदलल्या. खाम मात्र त्याच नावाने वाहते. शहराचे सांडपाणी घेऊन ती आमच्या वाळूजच्या अंगाने खाली गोदावरीकडे जाते. त्या वासाने आम्ही वारा कुठून येतो ते ओळखतो.

खडकीत पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. अंबरने तो सोडवला त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या परिसरातील सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे, जरी ती बहुतांशी दिसत नसली तरी. शहराच्या उत्तरेकडील हर्सूल-सावंगीच्या बाजूच्या उंच भागातील जमिनीखालचे झिरपे गोळा करायचे, ते भुयारी बांधीव पाटातून उताराने आणायचे आणि शहरात खापराच्या नळांनी वाटायचे. ना मोट, ना पंप. सारा खेळ उताराचा. मध्येमध्ये चुन्यात बांधलेले उंच चौकोनी खांब दिसतात, त्यांना लोक 'बंबे' म्हणतात. नळातील पाणी आपल्याच दाबाने त्या खांबात वर चढते, कोंडलेली हवा मोकळी होते, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढच्या टप्प्याला निघते. पुढच्या काळात इतर नहरीही झाल्या, पण वाट पहिल्याने दाखवली ती अंबरने. आज जायकवाडीचे पाणी पंपांनी चढावर ओढून शहरात आणतात आणि तरीही नळाला ते रोज येत नाही. जुन्या शहरातील गल्लीत एखादा बंबा भिंतीत अर्धा चिणलेला, त्यावर जाहिरातींचे कागद डकवलेला असा आढळतो. तो पाहिल्यावर आपण नक्की पुढे आलो की मागे, असा विचार माझ्या मनात येतो. असो.

(एक दुरुस्ती जाता जाता. पाणचक्की मलिक अंबरची, असे अनेक वाहिन्यांवर सांगितले जाते. ती त्याची नव्हे. पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात, औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांपासून पुढच्या अर्धशतकात आकाराला आली. तिची नहरही वेगळी.)

भडकल दरवाजा मात्र खास त्याचा. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ च्या सुमारास उभारलेला. शहराला 'बावन्न दरवाजांचे' म्हणतात, पण बाकीचे बहुतेक दरवाजे पुढे औरंगजेबाच्या काळात आलेल्या तटबंदीचे आहेत. भडकल त्यांच्या आधीचा आणि त्यांच्याहून दांडगा. तट नव्हता तेव्हाचा हा दरवाजा, म्हणजे तो कुणाला अडवण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी होता. आज त्याच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. एका गुलामीतून वर आलेल्या माणसाच्या कमानीसमोर बाबासाहेब उभे आहेत, ही गोष्ट मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडत असे.

आणि तिथेच मी चुकले.

मागच्या हिवाळ्यात वाळूजच्या एका शाळेतील आठवीच्या मुलांना मी शहर दाखवायला घेऊन गेले. एक बस, दोन शिक्षक, पस्तीस मुले; सगळी आमच्यासारखीच, कुठून कुठून आलेल्यांची. यातील निम्म्या मुलांनी भडकल दरवाजा कधी पाहिला नव्हता. मी रंगात आले. हबशी मुलगा, बगदाद, चंगेज खान, परांडा, गनिमी कावा. जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका चिडला होता की अबुल हसन या चित्रकाराने बादशहा भाल्यावर रोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे असे चित्र काढले, आणि हे चित्र निघाले तेव्हा अंबर खडकीत धडधाकट होता, हे सांगितल्यावर मुले खूप हसली. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी ग्रंथालयात आहे. जी गोष्ट रणांगणात जमली नाही ती कागदावर उरकून घेतली, असे मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग मागच्या रांगेतील एका मुलीने हात वर केला. "ताई, ते स्वतः गुलाम होते ना? मग मोठे झाल्यावर त्यांनी बाकीच्या गुलामांना सोडून दिलं का?"

मी क्षणभरही थांबले नाही. "हो," मी म्हणाले, "ज्याने ते सोसलं, तो दुसऱ्याला कसा सोसू देईल?"

वाक्य सुंदर होते. मुलीच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. शिक्षकांनी मान हलवली. बस पुढे पाणचक्कीला गेली.

रात्री झोप लागेना. कारण हे वाक्य मी कुठेही वाचले नव्हते. ते मला सुचले होते.

पुढचे पंधरा दिवस मी विभागाच्या ग्रंथालयात बसून जे वाचले, ते थोडक्यात असे. मलिक अंबरने गुलामांना सोडले नाही. त्याने हबशी गुलाम विकत घेतले, त्यांना शस्त्रे चालवायला शिकवली आणि त्यांचे खास पथक उभे केले. राज्याचा कणा म्हणावी अशी ती तुकडी होती. चंगेज खानाने त्याच्याबाबत जे केले, तेच त्याने इतरांबाबत केले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण 'गुलाम' हा शब्द ऐकल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाची शेते येतात. दख्खनमधील लष्करी गुलामी त्या जातीची नव्हती. इथला गुलाम मालकाच्या घराचा, त्याच्या विश्वासातला माणूस होई. त्याच्या हाती घोडा, तलवार, प्रसंगी किल्ल्याच्या किल्ल्या असत. मालक गेल्यावर बहुधा तो मोकळा होई आणि सरदार म्हणून स्वतःचे घर उभारी. त्याची मुले गुलाम म्हणून जन्मत नसत. दखनी सुलतानांना असे परके, नात्यागोत्याचे पाश नसलेले, केवळ धन्याशी बांधलेले लोक हवे असत, कारण दरबारात दखनी आणि परदेशी अशा दोन गटांचे कायमचे वैर होते. हे सगळे खरे आहे. पण हे वाचतानाही मला त्या मुलीचा हात वर दिसत होता. व्यवस्था वेगळी होती म्हणून हरारच्या बाजूला आईपासून तोडलेल्या पोराला ती वेगळी वाटली असेल, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? अंबर ज्या बाजारातून आला, त्या बाजाराचा तो पुढे गिऱ्हाईक झाला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

एक टाका उसवला की दुसरे दिसू लागतात. मराठे आणि अंबर यांची 'मैत्री' हाही माझ्या सांगण्यातला एक आवडता भाग होता. ती मैत्री नव्हती असे नाही. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव या घराण्यांची घोडदळे त्याच्या लढाईचा अर्धा जीव होती. मोगली तोफखान्यासमोर उभे न राहता त्याची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात खेचून थकवायचे, ही 'बर्गीगिरी' त्याने मराठा स्वारांच्या बळावरच पेलली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा एकाच वेळी अंगावर आल्या, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजीराजे होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. 'शिवभारता'त या लढाईचे वर्णन आहे. पण लखुजी जाधवराव अंबरला सोडून मोगलांकडे गेले होते, हेही त्याच इतिहासात आहे. भातवडीनंतर काही काळातच शहाजीराजे विजापूरकरांकडे गेले, हेही आहे. ते सगळे आपापल्या वतनाचा, घराण्याचा, फौजेच्या पगाराचा हिशेब करून वागत होते. आपण चारशे वर्षांनंतर त्यांच्या हातात आपल्या आजच्या भांडणांचे झेंडे देतो.

अंबरच्या हिशेबाबद्दल मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे, ती म्हणजे त्याची महसूल-व्यवस्था. मक्तेदारांकडून वसुली काढून घेणे, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवणे, पाटील-कुलकर्ण्यांमार्फत गावाशी थेट व्यवहार ठेवणे. शिवकाळातील कागदपत्रांत मलिक अंबरच्या कारकिर्दीतील वहिवाटीचा दाखला दिलेला आढळतो, तो उगाच नव्हे. लढाया विसरल्या जातात. सारा किती द्यायचा ते कुणबी विसरत नाही.

आणि त्याची खडकी? १६१६ मध्ये जालन्याकडच्या रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी पुढे येऊन हे नवे नगर उद्ध्वस्त केले. सहा वर्षांचे शहर. त्याने ते पुन्हा उभे केले. १६२१ मध्ये शाहजहानच्या फौजेने ते परत मोडले. पुन्हा उभारले. यातली मौज अशी, की तीनच वर्षांनी हाच शाहजहान बापाविरुद्ध बंड करून, हरून, आश्रयासाठी अंबरच्याच दारी आला आणि दोघांनी मिळून बुऱ्हाणपुराला वेढा घातला. १६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रुके हा डच व्यापारी अंबरला भेटून गेला. त्याने आपल्या टिपणांत या वृद्ध वजिराचा दरारा आणि राज्यातील बंदोबस्त नोंदवला आहे. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबर वारला. जहांगीरच्या दरबारातील इतिहासकार मुतमद खान याने त्याच्या शौर्याची आणि कारभाराची जी स्तुती केली, ती वाचून त्या डब्लिनमधल्या चित्राची आणखी गंमत वाटते.

नंतरचे पटकन सांगते, कारण ते दुःखद आणि गुंतागुंतीचे आहे. १६२९ मध्ये लखुजी जाधवराव आपल्या मुलांसह दौलताबादच्या दरबारात मारले गेले. फतेह खानाने सुलतानाचा घात केला. १६३३ मध्ये महाबत खानाने दौलताबाद घेतले आणि आणखी एक बाल निजामशाह ग्वाल्हेरच्या वाटेला लागला. त्यानंतर शहाजीराजांनी काय केले असेल? अंबरने केले तेच : घराण्यातील एक लहान मूल शोधून पेमगिरीला त्याच्या नावाने राज्य उभे केले. तीन वर्षे चालवले. १६३६ मध्ये माहुलीला तो खेळ संपला.

मी शाळेत परत गेले. हे सांगायला सोपे वाटते. त्या दिवशी वर्गाच्या दारापाशी मी पाच मिनिटे चप्पल काढायचे निमित्त करून उभी होते. मुलांना सांगितले की मी तुम्हाला चुकीचे उत्तर दिले होते. बरोबर काय ते सांगितले, फळ्यावर लिहिले. वर्गात थोडी चुळबुळ झाली, एका मुलाने "म्हणजे ते वाईट होते?" असे विचारले आणि त्याच्या बाकावरच्याने "तसं नाही रे" म्हणून त्याला कोपराने ढोसले. ती मुलगी मात्र माझ्याकडे रोखून पाहत होती.

"मग तुम्ही तेव्हा हो का म्हणालात?"

"मला तसं असावं असं वाटत होतं म्हणून."

तिने वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मी विचारले नाही.

आता ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी. एका दिवसात होण्यासारखे आहे, पण सकाळी लवकर निघा. वाळूजहून येणाऱ्यांनी शहरात न शिरता शरणापूरमार्गे दौलताबाद गाठावे. किल्ल्यात सगळे थेट अंधारीकडे धावतात. वटवाघळांचा वास आणि मार्गदर्शकांच्या किंकाळ्या यांसाठी ती ठीक आहे. त्याआधी डाव्या-उजव्या हाताला पाहत चला. यादवांच्या काळातील देवळांचे खांब लावलेली मशीद, बहमनी काळातील चांदमिनार, पडक्या निजामशाही महालाच्या भिंती, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह जिथे कैदेत होता तो चिनी महाल. तुघलकाने १३२७ मध्ये दिल्ली इथे आणली होती, हे सर्वांना ठाऊक असते. निजामशाहीची राजधानीही इथे होती, हे मार्गदर्शक क्वचितच सांगतात. विचारा. प्रश्न विचारणारे आले तर तेही वाचतील.

तिथून खुलताबाद. बहुतेक गाड्या औरंगजेबाच्या उघड्या कबरीपाशी आणि भद्रा मारुतीला थांबून वेरूळकडे जातात. मलिक अंबरची कबर जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याच्या जवळ आहे, काळ्या दगडाची, घुमटाची. शेजारी थोडी लहान इमारत आहे, ती त्याची पत्नी बिबी करीमा हिची. प्रवेशपत्र नाही, रांग नाही.

शाळेच्या प्रसंगानंतर काही दिवसांनी मी वडिलांना तिथे घेऊन गेले. त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळीच निघालो. वाटेत मी त्यांना सगळे सांगितले, मुलीचा प्रश्नही. ते काही बोलले नाहीत. कबरीपाशी पोहोचल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि घुमटाखालच्या दगडांवरून बोटे फिरवत चालू लागले, जणू एखादा सुटा भाग तपासायला आला आहे.

"सांधा बघ," ते म्हणाले. "नख जात नाही."

मग विचारले, "हे बांधणाऱ्यांची नावं असतील का कुठं?"

"नाहीत, पप्पा."

"मजुरी मिळाली होती का त्यांना?"

मला माहीत नव्हते आणि या वेळी मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली, चष्मा घडी करून खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर दौलताबादच्या घाटाखाली रस्त्याकडेच्या टोपल्यांतून त्यांनी दोन किलो सीताफळे घेतली, भावासाठी मोठी आणि आईसाठी पिकलेली अशी निवडून. तीन वाजता त्यांना पाळीवर हजर व्हायचे होते.